‘असॅसिन्स अप्रेंटिस’ दुसऱ्यांदा वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

रॉबिन हॉब यांची ‘असॅसिन्स अप्रेंटिस’ (१९९५) आणि तिचे पुढचे दोन भाग, ‘रॉयल असॅसिन’ (१९९६) आणि ‘असॅसिन्स क्वेस्ट’ (१९९७), हे ज्यांनी एकदा तरी वाचून संपवले आहेत त्यांच्यासाठी. अजून वाचले नसतील तर कृपा करून इथेच थांबा. खाली कोण जगतं, कोण मरतं, कोणाबद्दल आपला गैरसमज होता, सगळं उघड लिहिलं आहे. पहिल्या वाचनातला तो धक्का पुन्हा कधीच मिळत नाही, तो माझ्यामुळे वाया जायला नको.

बरीच वर्षं झाली, थोडं विसरायला झालंय. ‘विट’ म्हणजे नेमकं काय होतं?

कथानायक फिट्झच्या जगात दोन विद्या आहेत. एक ‘स्किल’. ती माणसाच्या मनातून माणसाच्या मनात जाते, राजघराण्यात चालत आलेली आहे आणि तिला मान आहे. दुसरी ‘विट’. ती माणसाचा जीव प्राण्याच्या जिवाशी जोडते, आणि तिचं नाव लोक शिवीसारखं घेतात. ‘विट’ असलेला माणूस सापडला तर त्याला फासावर देऊन, तुकडे करून पाण्यावर जाळतात.

‘विट’ असलेल्याला आसपासचा प्रत्येक जिवंत प्राणी जाणवतो. अंधारात डोळे मिटूनही कळतं की कोपऱ्यात कोणीतरी श्वास घेतंय. त्यातल्या एखाद्याशी गाठ पडली की दोघांचे वास, भूक, भीती, आनंद एकमेकांत मिसळायला लागतात. फिट्झच्या आयुष्यात अशी गाठ तीनदा पडते: नोझी, स्मिदी आणि नाइटआइज. पहिली दोन कुत्र्यांची पिल्लं, तिसरा लांडगा.

शेवट माहीत असताना पुन्हा वाचण्यात काय राम आहे?

या कादंबरीच्या बाबतीत तर शेवट माहीत असल्यावरच खरं वाचन सुरू होतं असं मला मनापासून वाटतं. नोझीचंच उदाहरण घ्या.

सहा वर्षांचा एक मुलगा. आईकडचे आजोबा त्याला सैनिकांच्या दारात आणून सोडतात आणि पाठ फिरवून निघून जातात. मुलाला नाव नाही. राजपुत्र शिव्हलरीचा अनौरस मुलगा, एवढीच त्याची ओळख. हाच फिट्झ. शिव्हलरीचा माणूस बरिच त्याला तबेल्यात नेतो आणि कुत्र्यांच्या शेजारी, गवतात झोपवतो. तिथे व्हिक्सन नावाची कुत्री आहे आणि तिचं पिल्लू, नोझी. त्या रात्री त्या पोराला जगात पहिल्यांदा ऊब मिळते ती त्या पिल्लाच्या पोटाची. पुढे बककीप टाऊनच्या गल्ल्यांतून दोघं उंडारतात, चोरून खातात, एकमेकांच्या नाकाने वास घेतात. आणि एके दिवशी बरिचला कळतं. तो पिल्लाला घेऊन जातो. मुलाला आतून एक वेदना जाणवते, मग काहीच नाही. नोझी होता ती जागा रिकामी. बरिचने त्याला मारलं, असंच मुलगा धरून चालतो आणि आपणही.

पुस्तकाच्या शेवटाकडे फिट्झ डोंगरातल्या राज्यात, जॅम्पीला पोहोचतो, तर तिथे राजपुत्र रुरिस्कच्या पायाशी एक म्हातारा कुत्रा. नोझी! बरिचने त्याला मारलं नव्हतं, लांब, चांगल्या घरी पाठवलं होतं.

आता पुन्हा पहिल्या भागाकडे या. ही गोष्ट सांगतोय तो पोरगा नाही. वय झालेला, हात आखडलेला फिट्झ राज्याचा इतिहास लिहायला बसलाय आणि दर खेपेला स्वतःच्या आयुष्यात वाहवत जातोय. म्हणजे बरिच पिल्लाला घेऊन जातो ते प्रकरण लिहिताना सांगणाऱ्याला नोझी जिवंत असल्याचं पक्कं ठाऊक आहे. तरी तो चकार शब्द काढत नाही. त्या मुलाला जेवढं कळलं तेवढंच लिहितो, त्याच्या दुःखात स्वतःचं शहाणपण मिसळत नाही. पहिल्या वाचनात मला हे दिसलं नव्हतं. दुसऱ्या वाचनात मी त्या पानावर बराच वेळ थांबले होते. स्वतःच्या लहानपणच्या दुःखाला इतका मान देणारा निवेदक मी फारसा कुठे वाचलेला नाही.

बरिचचा फार राग येतो. तो कमी होतो का?

माझा गेला. पण कसा गेला ते सांगायला जरा जागा लागेल, कारण माझ्या मते दुसऱ्यांदा वाचताना ही कादंबरी फिट्झइतकीच बरिचची होते.

माझ्या प्रतीत, नोझीच्या त्या पानाच्या समासात, पेन्सिलीने लिहिलेलं आहे: ‘या माणसाला माफी नाही.’ अक्षर माझंच, पहिल्या वाचनातलं. एवढं दाबून लिहिलंय की मागच्या पानावर उमटलंय. अकरा वर्षांनी पुन्हा तिथे आले तेव्हा मनात एक साधा प्रश्न आला. बरिचला कळलं कसं? एक मुलगा आणि एक कुत्रं सदान्‌कदा बरोबर असतात, यात जगावेगळं काय आहे? अख्ख्या किल्ल्यात कोणाला शंका आली नाही. दोघांमधली गाठ बरिचलाच का दिसली?

कारण ती दिसायची नसतेच, जाणवायची असते. आणि ती ज्याच्यात ‘विट’ आहे त्यालाच जाणवते.

बरिचकडे ‘विट’ आहे, हे आपल्याला फार पुढे स्पष्ट कळतं. पण पहिल्या पुस्तकात ते पानापानावर पसरलेलं आहे. चवताळलेला घोडा त्याच्या हाताखाली शांत होतो. व्हिक्सनशी तो वागतो ते मालकासारखं नाही. तबेल्यात पाऊल टाकताक्षणी कुठल्या जनावराचं काय दुखतंय ते त्याला कळतं. लोक म्हणतात, बरिचच्या हाताला गुण आहे. आपणही पहिल्यांदा तसंच म्हणून पुढे जातो. दुसऱ्या वेळी मात्र दिसतो तो एक माणूस, ज्याने स्वतःमधली ही विद्या वर्षानुवर्षं दाबून धरली आहे आणि तीच आता या पोरात, राजाच्या रक्तात, उघड्यावर उमलताना बघतोय. तो घाबरलाय. पोराला जाळतील म्हणून घाबरलाय, आणि पोरगा माणसांतून उठेल म्हणूनही.

ही दुसरी भीती मला आधी निव्वळ अंधश्रद्धा वाटली होती. पण दुसऱ्या पुस्तकाचा शेवट आणि तिसऱ्याची सुरुवात आठवा. काका रीगलच्या अंधारकोठडीत फिट्झ मरतो. त्याचा जीव लांडग्याच्या शरीरात आश्रय घेतो, शरीर पुरलं जातं आणि मग उकरून काढून त्याला त्यात परत आणलं जातं. परत आलेला फिट्झ कसा असतो? गुरगुरतो, जेवणाच्या ताटावर झडप घालतो, त्याला शब्द सापडत नाहीत. बरिच आणि त्याला मारेकऱ्याची विद्या शिकवणारा चेड त्याच्याजवळ बसून त्याला पुन्हा माणूस व्हायला शिकवतात. बरिच लहानपणापासून बजावत होता ते अगदी खोटं नव्हतं. मार्ग चुकीचा होता, भीती खरी होती.

आणि त्याला परत बोलावून आणणारा कोण, तर बरिच. आयुष्यभर ज्या विद्येचा तिटकारा केला, जिच्यासाठी या मुलाला दूर लोटलं, तीच वापरून तो लांडग्याशी बोलतो. नाइटआइज त्याला ज्या नावाने ओळखतो ते नाव मराठीत आणायचं तर ‘कळपाचं काळीज’. लांडगा उगाच कोणाला नावं देत नाही. ते नाव वाचल्यावर समासातलं माझं वाक्य मला बघवेना. खोडलं मात्र नाही. त्याच्या खाली दुसऱ्या वाचनाचं वर्ष लिहिलं, एवढंच.

तरी एक सांगते. बरिचवर जीव जडला म्हणून त्याने केलं ते बरोबर ठरत नाही. नोझी जिवंत आहे, एवढं एक वाक्य तो त्या मुलाला सांगू शकत होता. त्याने नाही सांगितलं. मुलगा कित्येक वर्षं त्या माणसाच्या हातचं खातो, त्याच्या छपराखाली झोपतो आणि मनात धरून असतो की याने माझ्या मित्राला मारलं. हा हिशोब पुस्तक मिटवत नाही आणि तुम्हीही मिटवू नका.

स्मिदीचा भाग मला आठवतच नाही. महत्त्वाचा आहे का?

नोझी आणि नाइटआइज यांच्यामध्ये तो झाकला जातो, पण आहे महत्त्वाचा. शिव्हलरीची बायको लेडी पेशन्स फिट्झला एक टेरियर पिल्लू देते. या वेळी फिट्झ शहाणा झालाय, गाठ लपवून ठेवतो. पुढे ‘स्किल’च्या परीक्षेसाठी ती शिकवणारा गॅलन त्याला दूर फोर्ज गावी सोडतो आणि तिथे त्याला आतून जाणवतं की तिकडे बककीपच्या किल्ल्यात बरिचवर हल्ला झालाय आणि स्मिदी त्याच्यासाठी लढतोय. पिल्लू मरतं. ज्या माणसापासून त्याला लपवलं, त्यालाच वाचवताना मरतं. आणि त्या मरणातूनच बरिचला कळतं की फिट्झने पुन्हा तेच केलं. पुढचा अबोला पहिल्या वाचनात निर्दयपणा वाटतो. या वेळी वाचताना बरिचच्या जागी उभं राहून बघा: आपला जीव वाचवणारं कुत्रं समोर मरून पडलंय आणि त्याच्याबद्दल उघड हळहळायचीही सोय नाही.

नाइटआइज इतका खरा का वाटतो?

कारण तो कुत्रा नाही, आणि लेखिका हे एकदाही विसरत नाही.

२०१५ मध्ये जपानी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक वाढतं, आई आणि तान्ह्या बाळात होतं तसंच. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये हे घडलं नाही. कुत्रा हजारो वर्षं आपल्या सहवासात घडत आला आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये सापडलेल्या सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या दफनात एक पुरुष, एक बाई आणि एक कुत्र्याचं पिल्लू एकत्र आहेत. त्या पिल्लाच्या दातांवरून पुढे दिसून आलं की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार झाला होता आणि कोणीतरी शुश्रूषा केल्याशिवाय ते तेवढे दिवस जगलं नसतं. नोझी आणि स्मिदी या वंशातले आहेत. ते फिट्झवर जीव टाकतात, अटी घालत नाहीत.

लांडगा अटी घालतो. दुसऱ्या पुस्तकातला बाजारातला प्रसंग मुद्दाम सावकाश वाचा. घाणेरड्या पिंजऱ्यात एक अर्धमेलं पिल्लू, अंगावर जखमा, डोळ्यांत नुसता द्वेष. फिट्झ त्याला विकत घेतो ते सोडून द्यायला. दोनदा जीव पोळलाय, आता गाठ बांधायची नाही असं त्याने ठरवलंय. पिल्लालाही कोणाचं व्हायचं नाहीये. दोघंही नको नको म्हणत असतात, एक शिकार शिकवतो, दुसरा शिकतो, आणि बघता बघता गाठ पडलेली असते. ती नेमक्या कुठल्या पानावर पडली हे मी दुसऱ्या वाचनात शोधायला गेले. सापडलं नाही. एखाद्या माणसाशी मैत्री कधी झाली ते तरी कुठे सांगता येतं?

कळपाबद्दलही थोडं. जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे सहसा एक कुटुंब असतं: आईबाप आणि त्यांची वेगवेगळ्या वयाची पिल्लं. मारामाऱ्या करून वर चढलेला ‘अल्फा’ हा समज प्रामुख्याने बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणांतून आला. डेव्हिड मीच या अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकाने तो दूरवर पोहोचला होता आणि १९९९ मध्ये त्यांनीच जंगली कळपांना तो लागू पडत नाही असं मांडलं. नाइटआइजचा कळप त्याआधी लिहिला गेला, पण त्यात कोण वर कोण खाली हा प्रश्न जवळजवळ नाहीच. शिकार वाटून खायची, जखम चाटायची, रात्री टेकून झोपायचं.

लांडग्याचं बोलणं वाचताना मनात मराठीत कसं ऐकू येतं?

हा प्रश्न मला फार आवडला, कारण इथे मराठी वाचकाच्या हाती मुळापेक्षा काहीतरी जास्त लागतं.

मूळ इंग्रजीत नाइटआइज ‘वुई’ म्हणतो. मराठीत तिथे निवड करावी लागते, ‘आम्ही’ की ‘आपण’? ‘आम्ही’त समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. पिंजऱ्यातलं पिल्लू, ज्याला सगळी दोन पायांची जात नकोशी झालीय, ते मनातल्या मनात ‘आम्ही लांडगे’ म्हणत असणार. मग एके दिवशी ते फिट्झला ‘आपण’ म्हणतं. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द आहे, बदल संदर्भाने कळतो. माझ्या डोक्यात तो शब्दानेच घडला. तुम्हीही वाचताना हे करून पाहा. कुठल्या वाक्यापासून तुमचा ‘आम्ही’ ‘आपण’ होतो ते बघा, प्रत्येकाचं पान वेगळं येईल.

आपल्याकडे प्राण्याला ‘मुका जीव’ म्हणतात. त्या शब्दात माया आहे, पण हे पुस्तक वाचल्यापासून तो वापरताना माझी जीभ अडखळते. नाइटआइज मुका नाही, फिट्झ सोडून बाकीचे बहिरे आहेत.

त्याने माणसांना दिलेली नावंही दुसऱ्या वेळी टिपून ठेवण्यासारखी आहेत. राजाच्या विदूषकाला तो ‘गंध नसलेला’ म्हणतो. पहिल्यांदा ते लांडग्याचं एक गमतीशीर निरीक्षण वाटतं. विदूषक कोण आहे हे माहीत असताना वाचलं की कळतं, लांडग्याच्या नाकाला ते सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

सुरुवात संथ वाटते. थेट दुसऱ्या पुस्तकापासून सुरू करू का?

नको. नोझी नसेल तर पिंजऱ्यासमोर फिट्झ का थबकतो हेच कळणार नाही.

प्रत्येक प्रकरणाच्या आधी येणारे इतिहासाचे उतारेही वगळू नका. पहिल्यांदा मी ते भराभर उलटले होते, गोष्ट पुढे जायला हवी होती. ‘विट’बद्दलचे उतारे नीट वाचले की दिसतं की ते लिहिणाऱ्यांनाही या लोकांबद्दल घृणा आहे, आणि फिट्झ तेच कागद आपल्या हाताने उतरवून घेतोय.

‘फोर्ज’ झालेल्या माणसांचा या सगळ्याशी काय संबंध?

लाल गलबतांवरचे चाचे माणसं पळवतात आणि परत पाठवतात तेव्हा त्यांच्यातलं माणूसपण काढून घेतलेलं असतं. ती चालतात, खातात, मारतात, पण आई मुलाला ओळखत नाही. बाकीच्यांना हे त्यांच्या वागण्यावरून कळतं. फिट्झला मात्र ती समोर उभी असूनही जाणवतच नाहीत. उंदीर जाणवतो, गोगलगाय जाणवते, पण त्या माणसाच्या जागी पोकळी. म्हणजे ज्या विद्येला लोक जनावरपण म्हणतात तिलाच पहिल्यांदा कळतं की माणूस माणूस उरला नाही. लेखिका हे कुठेही बोलून दाखवत नाही. मला ते दुसऱ्या वाचनातच दिसलं, आणि मग फोर्ज गावातली ती रात्र वाचताना अंगावर काटा आला.

पुढची पुस्तकं कुठल्या क्रमाने?

प्रसिद्ध झाली त्या क्रमाने. या तीन पुस्तकांनंतर जिवंत जहाजांची त्रयी (१९९८ ते २०००), मग फिट्झकडे परतणारी ‘टॉनी मॅन’ त्रयी (२००१ ते २००३), मग ड्रॅगनची चार (२००९ ते २०१३) आणि शेवटची फिट्झ आणि विदूषकाची तीन (२०१४ ते २०१७). फक्त फिट्झ हवा असेल तर मधली सोडून नऊ पुस्तकं वाचता येतात, अनेकजण तसंच करतात. जहाजांची त्रयी सोडणाऱ्यांचं मला वाईट वाटतं, एवढंच म्हणते.

माणूस आणि प्राणी यांच्या गाठीवर आणखी काय वाचावं?

दोनच सुचवते. फिलिप पुलमन यांची ‘नॉर्दर्न लाइट्स’, हीसुद्धा १९९५ ची. तिच्यातल्या नायिकेच्या जगात प्रत्येक माणसाचा जीव प्राण्याच्या रूपाने त्याच्या शेजारी चालतो. दुसरी अ‍ॅन मॅकॅफ्री यांची ‘ड्रॅगनफ्लाइट’ (१९६८). तिच्यात अंड्यातून बाहेर पडताक्षणी ड्रॅगन आपला माणूस निवडतो आणि ती निवड जन्माची असते. दोन्हींच्या मानाने हॉब यांची गाठ वेगळी आहे. पुलमन यांचा प्राणी म्हणजे माणूसच असतो. मॅकॅफ्री यांची गाठ एका क्षणात पडते. नाइटआइज हा पूर्ण वेगळा जीव आहे, त्याला नाही म्हणता येतं, आणि तो बऱ्याचदा म्हणतो.

नाइटआइजचा मृत्यू पुन्हा वाचवत नाही. आणि घरातलं जनावर नुकतंच गेलं असेल तर ही पुस्तकं हातात घ्यावीत का?

हे दोन प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येतात, पण उत्तर एकच आहे म्हणून एकत्र घेते.

तो मृत्यू ‘फूल्स एरंड’मध्ये (२००१) आहे, पहिल्या त्रयीत नाही. पहिल्या तीन पुस्तकांत तुमच्याजवळ तो शेवटपर्यंत धडधाकट असतो. त्यामुळे मन तयार नसेल तर ‘असॅसिन्स क्वेस्ट’च्या शेवटाला थांबा. झोपडी, चूल, फिट्झ आणि शेजारी पसरलेला लांडगा. तिथे थांबण्यात काहीही पळपुटेपणा नाही.

आमची कुत्री चौदा वर्षांची होऊन गेली तेव्हा मी तिथेच थांबले होते. पुढचं पुस्तक दीड वर्ष कपाटात होतं. मग एकदा काढलं, आणि मला वाटलं होतं तसं ते मृत्यूचं पुस्तक निघालं नाही. ते म्हाताऱ्या लांडग्याचं पुस्तक आहे. पंधरा वर्षं उलटली आहेत. सांधे आखडलेत, सकाळी उठताना वेळ लागतो, उन्हाची जागा शोधून तो तिथे पडून राहतो. जंगलात सहा-आठ वर्षं जगणारा प्राणी गाठीच्या जोरावर इतका लांब आलाय, आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. फिट्झ आपली चाल हळू करतो, हळू केलीय हे लांडग्याला कळू नये म्हणून मधेच उगाच काहीतरी बघायला थांबल्यासारखं करतो. मनं जोडलेल्या दोघांत असं लपवता येतं थोडंच? लांडग्याला कळतं. तो तसं दाखवत नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात मीही फिरायला गेले की दर थोड्या अंतरावर चपलेचा पट्टा नीट करायला वाकत असे.